ओहोटी बघून निघता का? (मुंबई, पालघर, अलिबागकडचे किनारे)

माहीमकर

आधी मागच्या महिन्यातला आमचा पराक्रम सांगतो, मग मुद्द्यावर येतो.

अलिबागला गेलो होतो. मी, बायको, सात वर्षांची धाकटी, मेव्हणा आणि त्याचे आईवडील. नाश्त्याला दोनदा पोहे झाले, चहा झाला, मग कुणाचा तरी चार्जर सापडेना. किनाऱ्यावर पोचेपर्यंत साडेदहा. समोर कुलाबा किल्ल्यापर्यंत मोकळी ओली वाळू, लोक पायी चाललेले, घोडागाड्या छपछप करत चाललेल्या. म्हटलं, चला.

किल्ला झकास आहे. १६८० च्या सुमाराचं शिवाजी महाराजांचं बांधकाम, पुढे कान्होजी आंग्र्यांचं ठाणं. तटाचे मोठमोठे दगड मध्ये चुना न भरता नुसते एकावर एक रचलेत, धाकटीने त्या फटींत हात घालून घालून बघितला. आत सिद्धिविनायकाचं देऊळ आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर. सासरेबुवांना तिथे सावलीत एक जुने गाववाले भेटले. मग काय विचारता. निघालो तेव्हा पाऊण वाजून गेला होता.

दरवाजातून खाली पाहिलं तर मघाची वाळू गायब. "गुडघाभरच आहे" असं मेव्हणा म्हणाला आणि आम्ही उतरलो. मध्यावर पोचेपर्यंत पाणी कमरेला. धाकटी माझ्या खांद्यावर, सासूबाईंना दोन्ही बाजूंनी धरलेलं, माझा फोन दातांत. पाणी समोरून येत नव्हतं, बाजूने ओढत होतं, आणि पायाखालची वाळू निसटत होती. एका होडीवाल्याने बघितलं आणि म्हाताऱ्यांना वर घेतलं. पैसे घेतले नाहीत, पण जे काही ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

घरी आल्यावर वडिलांना सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, कालनिर्णय बघितलं आणि म्हणाले, "पंचमी होती ना? म्हणजे पावणेचारला भरती. पावणेदहाला ओहोटी पूर्ण झाली होती. तुम्ही निघालात तेव्हाच पाणी परत फिरलेलं."

मी त्रेचाळीस वर्षं माहीमला समुद्रापासून पाच मिनिटांवर राहतोय आणि हे गणित मला माहीत नव्हतं. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. शुक्ल असो की कृष्ण, फरक नाही. दिवसातून दोनदा, साधारण बारा तासांच्या अंतराने. त्यात सहा तास मिळवले किंवा वजा केले की ओहोटी. आपण रविवार बघून निघतो, समुद्र तिथी बघून.

तर हा धागा त्यासाठी. मुंबईपासून दिवसभरात जाऊन येण्यासारखे किनारे, खाड्या, खडपं (ओहोटीला उघडे पडणारे खडक), पाणथळ जागा, जे तुम्हाला माहीत असेल ते लिहा. फक्त "छान आहे, जरूर जा" एवढ्यावर थांबू नका. भरतीला जायचं की ओहोटीला, ते लिहा.

डोलकर

होडीवाल्याचे शब्द मी कल्पनेने पूर्ण करून घेतले.

गणित बरोबर आहे, पण त्याचा अर्धाच भाग तुमच्या वडिलांनी सांगितला. कधी पाणी येणार ते तिथीने कळतं. किती येणार आणि किती जाणार हेही तिथीनेच कळतं. पुनव आणि अवसेच्या आसपास उधाण, अष्टमी-नवमीला भांग. उधाणाला पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप. भांगाला धड भरती नाही, धड सुकती (ओहोटी) नाही. माझा आजा वर्सोव्याच्या खडपांवर कालवं काढायला जायचा. मी अष्टमीला हट्ट धरला की म्हणायचा, "आज भांग हाय, खडपावर जाऊन काय पाय भिजवशील?"

आता गंमत बघा. आपल्याकडे पुनवेला-अवसेला भरती नेहमी दुपारी बाराच्या आगेमागे आणि मध्यरात्री, म्हणजे ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमाराला. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वर भरती आणि त्याच वेळी मुसळधार पाऊस आला की शहर तुंबतं. ती बातमी बहुतेक वेळा दुपारचीच का असते, ते यावरून कळेल. आणि फिरणाऱ्यांच्या कामाची गोष्ट अशी, की पाडवा, बीज, तीज या तीन दिवशी पाणी खूप लांब जातं आणि ओहोटी पावणेसात ते पावणेनऊच्या दरम्यान येते. उजेड असतो, ऊन नसतं. पोरांना न्यायचं तर हे दिवस. पुनवेनंतरचे तीन आणि अवसेनंतरचे तीन.

दुसरं. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांत जेवढं चढायचं त्याचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. तुम्ही सापडलात बरोबर तिसऱ्या तासाच्या शेवटी. ओहोटीनंतर तासभर काहीच होत नाही असं वाटतं, माणूस गाफील राहतो, आणि मग ते एकदम येतं.

पाऊणपटीत अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पुनवेला हिशोबाने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बारा वाजतात. खडपावर किंवा किल्ल्यावर जायचं तर त्या दिवसाचं कोष्टक मोबाइलवर बघूनच जा. पाऊणपट ही आठवड्याचा बेत आखायला.

तिरकस

माहिती चांगली आहे, पण मुंबईच्या समुद्रात ओहोटीला प्लास्टिकच्या पिशव्या, चपला आणि निर्माल्य सोडून दिसतं काय, ते पण सांगा. भरतीला निदान झाकलेलं असतं.

चष्मिस

@तिरकस, चप्पल उचलून बघा एकदा. खाली काहीतरी राहत असतं.

मी गेली चार वर्षं ओहोटीला खडपांवर जाते. सुरुवात 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'वाल्यांच्या एका फेरीने झाली. २०१७ पासून हे लोक किनाऱ्यावर घेऊन जातात आणि वाकून बघायला शिकवतात. वाकणं हेच मुख्य. उभ्याने बघितलं तर काळा दगड आणि हिरवं शेवाळ दिसतं. जुहू कोळीवाड्याकडच्या खडपांत एका ताटाएवढ्या डबक्यापाशी उकिडवं बसा आणि पाच मिनिटं हलू नका. आधी शंख चालायला लागतात, कारण त्यातल्या निम्म्यांत शंखाचा मालक नसून भाडेकरू खेकडा असतो. मग दगडाला चिकटलेला चॉकलेटी गोळा हळूच उमलतो, ते समुद्रफूल. हलकंसं बोट लागलं तरी मिटतं. एकदा मला वाटलं डबक्यातला दगडच सरकला, तर ते मुठीएवढं ऑक्टोपसचं पिल्लू होतं. त्याने रंग बदलला आणि पुन्हा दगड झाला. मी तिथेच बघत होते तरी मला ते परत सापडलं नाही.

नुसत्या वाळूवर पण बघण्यासारखं असतं. जुहूला ओहोटीला वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी दिसते ना? एका भोकातून निघालेली, चहूकडे पसरलेली? ती नखाएवढ्या खेकड्याची. वाळू तोंडात घ्यायची, त्यातलं खाण्यासारखं काढून घ्यायचं, उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकायची. ओहोटीभर हेच काम. पुढच्या भरतीत सगळं सपाट, की पुन्हा पहिल्यापासून.

आणि अजून एक, कॉलरसारखी गोल वळलेली, रबराच्या तुकड्यासारखी करडी वस्तू. सगळे तिला कचरा समजतात. सफाई करणारेही उचलून पिशवीत टाकतात. ती एका गोगलगायीची अंडी असतात, वाळू आणि चिकाने लिंपून केलेली. तिथेच राहू द्या.

पायात जुने, तळ असलेले बूट हवेत. चप्पल चालत नाही, अनवाणी तर मुळीच नाही, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. दगड उलटा केला तर परत होता तसा ठेवायचा. आणि शंकूच्या आकाराचा, टोकाकडे निमुळता, वर नक्षी असलेला जिवंत शंख कितीही सुंदर दिसला तरी उचलायचा नाही. आत राहणाऱ्याकडे विषारी काटा असतो.

तिरकस

बरं बाई, वाकतो. गुडघ्यांची जबाबदारी तुमची.

निवृत्त_कारकून

गुडघ्यांवरून आठवलं. माझे दोन्ही बदललेले आहेत, वय ७१. खडप, बूट, उकिडवं बसणं हे आमच्यासाठी नाही. पण समुद्र हवा आहे. आमच्यासारख्यांनी काय करायचं? "घरात बसा" हे उत्तर सुनेने आधीच दिलेलं आहे.

केळव्याची_सून

काका, तुम्ही केळव्याला या. पश्चिम रेल्वेची लोकल २०१३ पासून डहाणूपर्यंत येते, केळवे रोडला उतरा, रिक्षाने किनारा. सुरूच्या सावलीत बाकड्यावर बसायचं, समोर सरळ सपाट वाळू, शीतलादेवीचं देऊळ हाकेच्या अंतरावर. घट्ट वाळू असते, काठी रुतत नाही. फक्त शनिवार-रविवार टाळा. तुम्हाला तर रोजच रविवार आहे.

आमच्याकडच्या किनाऱ्यांचं वैशिष्ट्य सांगते. केळवे, शिरगाव, चिंचणी, डहाणू, बोर्डी, सगळीकडे उतार अगदी कमी. त्यामुळे ओहोटीला समुद्र जातो तो जातोच. बोर्डीला तर पहिल्यांदा आलेली माणसं विचारतात, "समुद्र कुठाय?" लांब एक चकाकणारी रेघ दिसते, तो समुद्र. चालायला अप्रतिम, पण पोहायचं म्हणून आलात तर दुपारभर चिखल तुडवत बसाल. पोहायला किंवा नुसतं लाटांत बसायला यायचं तर भरतीच्या आधी दोन तास. सूर्यास्त बघायचा तर पुनव-अवसेच्या आसपास ओहोटी असते, ओल्या वाळूत अख्खं आकाश दिसतं. बोर्डीला उतरलात तर घोलवडचे चिकू घ्या, त्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. हिवाळ्यात घ्या आणि मोठे बघून घेऊ नका, मध्यम घ्या.

आता रडगाणं. सोमवारी सकाळी आमच्या घरची पोरं किनाऱ्यावर खेळायला जात नाहीत. काचा. लोक बाटल्या वाळूत उभ्या पुरून त्यावर नेम धरतात. भरती येते, काचा वाळूखाली जातात, पुढच्या ओहोटीला कुणाच्या तरी तळपायात निघतात. गेल्या वर्षी माझ्या पुतण्याला सहा टाके पडले. लिहिणारे तुम्ही सगळे सुशिक्षित आहात, तुम्ही असं करत नसाल. पण तुमच्या ग्रुपमध्ये एक जण करतोच.

माहीमकर

@निवृत्त_कारकून, अगदी घराजवळ हवं असेल तर माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान बघा. ३७ एकर, मिठीच्या काठाला. एके काळी तिथे शहराचा कचरा टाकत होते. त्यावर माती टाकून झाडं लावली आणि १९९४ मध्ये लोकांना खुलं केलं. आता आत गेलं की धारावी चार पावलांवर आहे हे विसरायला होतं. सपाट वाटा आहेत, सकाळी पक्षी भरपूर. समुद्र मात्र दिसत नाही, तो हवा असेल तर पुढे दादर-वरळीला कठड्यावर. पावसाळ्यात दुपारच्या उधाणाला वरळीच्या कठड्यापासून चार हात लांब बसा, एवढंच.

अक्षीकर

अलिबागच्या शेजारचा, म्हणून राहवत नाही.

सगळे कुलाबा किल्ल्यापाशी गर्दी करतात आणि तिथून वरसोली नाहीतर नागाव. मधलं अक्षी लोकांना दिसत नाही, त्याबद्दल आम्ही देवाचे आभारच मानतो. साखरच्या खाडीच्या मुखापाशी ओहोटी लागली की हिवाळ्यात पक्षी उतरतात. कुरव, चिखले, तुतवार. दुर्बीण घेऊन, पूर्ण ओहोटीची वाट न बघता, पाणी उतरायला लागल्यावर दीड-दोन तासांनी या. पूर्ण ओहोटीला पक्षी इतके लांब जातात की ठिपके दिसतात. थंडीत साडेसहाला उठायची तयारी हवी.

गावात शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा शिलालेख आहे. मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांपैकी एक. हजार वर्षांपूर्वीची मराठी बघायला मिळते आणि तिकीट नाही. उत्तरेला किहीमला जात असाल तर तिथे सलीम अली यांनी १९३० मध्ये सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला होता. पावसाळ्याच्या सुरुवातीला सुगरणी अजूनही विणतात, फक्त झाडं कमी झालीत.

झाडांचं म्हणाल तर ३ जून २०२० चं निसर्ग वादळ इथून गेलं. ज्यांनी त्याआधीचा किनारा पाहिला नाही त्यांना आताचा दाट वाटेल. आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या दोन तासांत आडव्या झाल्या. सुपारी लावल्यावर उत्पन्न यायला पाच-सहा वर्षं लागतात, हिशोब तुम्हीच करा.

यायचं तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो, गाडी घालून येता येतं, मार्च २०२० पासून सुरू आहे. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद. गाडी आणलीत तरी ती वाळूवर आणू नका. ठळक अक्षरांत लिहिलंय.

जीपवाला

एक साधा प्रश्न. फोर बाय फोर आहे, ओल्या घट्ट वाळूवर चालवली तर कुणाचं काय जातं? गोव्यात, अलिबागला सगळे चालवतात. उगाच प्रत्येक गोष्टीला नाही म्हणायचं.

अक्षीकर

सगळे चालवतात, आणि मग सगळे ट्रॅक्टर शोधत आमच्या अंगणात येतात.

घट्ट वाळू घट्ट असते ती वरच्या चार बोटांत. गाडी थांबली, दोन मिनिटं इंजिन चालू राहिलं, की खालून पाणी वर येतं आणि चाकं बसतात. मग तुम्ही रेस देता, मग ती आणखी बसते. तोपर्यंत भरती लागलेली असते. मी स्वतः माझ्या ट्रॅक्टरने पाच गाड्या ओढल्यात. सहावी ओढता आली नाही. दुसऱ्या दिवशी ओहोटीला तिच्या सीटवर खेकडा बसला होता. विमावाल्यांनी काय केलं ते त्या माणसाने सांगितलं नाही, चेहऱ्यावरून कळलं.

कुणाचं काय जातं ते चष्मिसताईंनी वर लिहिलंय. त्या मोहरीएवढ्या गोळ्या करणाऱ्याचं जातं. आणि दक्षिणेकडे जिथे कासवं अंडी घालतात तिथे चाकाखाली अख्खं घरटं जातं.

डोलकर

+१. कासवांवरून सांगतो. आमच्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावर एके काळी गुडघाभर कचरा होता. २०१५ मध्ये अफरोज शाह यांनी सफाई सुरू केली, दर आठवड्याला लोक येत गेले. २०१८ च्या मार्चमध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं निघाली. आमच्याकडे जुनी माणसं सांगायची की पूर्वी कासव वर यायचं, आम्हाला ती गोष्ट वाटायची. कचरा अजून येतोच, पावसाळ्यात तर रोज, कारण तो समुद्राचा नसून नाल्यांचा आहे. पण पिल्लं निघाली हे खरं.

जीपवाला

खेकड्याचा फोटो आहे का?

अक्षीकर

आहे. पण गाडीचा नंबर दिसतोय. तो माणूसही बहुतेक हे वाचत असेल.

वास्कोकर

मजा येतेय वाचायला. आमच्या गोव्यात हे पाऊणपटीचं प्रकरण कुणी फारसं काढत नाही, कारण इथे भरती-ओहोटीत फरक जेमतेम दोन मीटर. मुंबईला उधाणाला पाचच्या घरात जातो, आणि वर खंभातच्या आखातात दहाच्या पुढे. आखात निमुळतं होत जातं, पाण्याला पसरायला जागा मिळत नाही, म्हणून ते वर चढतं. त्यामुळे पालघरकडचा समुद्र मैलभर मागे जातो आणि आमचा कोलव्याचा जागच्या जागी असतो. भरतीची वेळही आमच्याकडे मुंबईच्या आधी येते, तेव्हा मालवण-वेंगुर्ल्याला जाणाऱ्यांनी हे गणित जसंच्या तसं वापरू नये.

ऐरोलीची_आई

फ्लेमिंगोंबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून, म्हणून मी लिहिते. दर हिवाळ्यात कुणीतरी विचारतं, "शिवडीला गेलो, काही दिसलं नाही." कारण तेच, पाणी बघितलं नाही.

फ्लेमिंगो चिखलात चरतो. पूर्ण ओहोटीला चिखल लांबवर उघडा पडतो आणि पक्षी पार आत, गुलाबी धूर दिसावा तसे. पूर्ण भरतीला चिखलच नाही, म्हणून पक्षी नाहीत. मधली वेळ धरायची. भरती चढत असताना, पूर्ण व्हायच्या दोन-तीन तास आधी पोचा. पाणी त्यांना काठाकडे ढकलत आणतं. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, तो शिवडीहूनच निघतो. मी ज्या जागी उभी राहायचे तिथून आता खांब दिसतात.

नवी मुंबईत उलटं. नेरुळच्या बाजूच्या पाणथळ जागांवर पूर्ण भरतीला जा. खाडीतला चिखल बुडला की पक्षी विश्रांतीला तिथे येतात, रस्त्यावरून चष्म्याशिवाय दिसतात. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट निघते, तीही भरतीच्या वेळेवर, कारण ओहोटीला बोट चालवण्याएवढं पाणीच नसतं. आधी चौकशी करून जा. ठाणे खाडी २०१५ मध्ये अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आली, तरी आमच्या सोसायटीतल्या लोकांना अजून ती "वास येणारी बाजू" आहे.

डॉक्टरीणबाई

सगळं रम्य चाललंय, मी जरा विरस करते.

एक. पावसाळ्यात जुहू, गिरगावला निळे फुगे वाळूवर पडलेले दिसतात, ब्लू बॉटल म्हणतात त्यांना. फुगा दोन बोटांचा, पण खाली निळा दोरा हातभर असतो आणि मेल्यावरही डसतो. पोरं फुगा फोडायला जातात. डसलं तर चोळायचं नाही, वाळू लावायची नाही. समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, दोरे कार्डाच्या कडेने किंवा चिमट्याने काढायचे, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग ठेवायचा. श्वासाला त्रास किंवा चक्कर आली तर सरळ दवाखाना.

दोन. पाकट नावाची मासळी. उथळ पाण्यात वाळूखाली चपटी पडून असते, पाय पडला की शेपटीचा काटा मारते. २०१३ मध्ये गिरगावला गणेश विसर्जनाच्या वेळी बऱ्याच जणांना डंख झाले होते. पाणी गढूळ असेल तर पाय उचलून टाकू नका, घासत घासत चाला. तिला चाहूल लागते आणि ती निघून जाते. उपाय इथेही गरम पाणी, आणि नंतर दवाखाना हवाच, काट्याचा तुकडा आत राहतो.

तीन, सगळ्यात महत्त्वाचं. अक्सा, काशीद, मुरुड इथे माणसं जातात ती बहुतेक ओढीमुळे. किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जायला एक वाट शोधतं. दोन्हीकडे पांढऱ्या लाटा फुटतायत आणि मध्ये एक पट्टा शांत दिसतोय, ती ती वाट. न पोहता येणारा नेमका तिथे उतरतो, कारण तिथे लाटा नसतात. सापडलात तर किनाऱ्याकडे हातपाय मारून दमू नका, ओढ तुमच्यापेक्षा जोरकस असते. आडवं, किनाऱ्याला समांतर, पोहा. ओढीचा पट्टा अरुंद असतो. पोहता येत नसेल तर तरंगत राहा आणि हात वर करा. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडला पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी गेले. ऐन हिवाळा होता, पाऊस नव्हता, वादळ नव्हतं. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा करणाऱ्यांनाही हेच सांगणं, तिथे खडकावरची वाट ओहोटीची आहे. पुजारी नको म्हणाले तर नको.

तिरकस

याला म्हणतात विरस. पण जपून ठेवला आहे.

वेळासचं कुणी सांगणार आहे का?

चष्मिस

एका दिवसात होत नाही हो, मंडणगड तालुक्यात आहे, रात्री मुक्काम हवा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, आता गावातली घरंच पाहुणे ठेवतात. साधारण फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत. पिल्लं निघतीलच याची खात्री कुणी देत नाही. मी दोनदा रिकाम्या हाताने आले. रिकाम्या म्हणजे, दोन्ही वेळा उकडीचे मोदक खाऊन.

माहीमकर

धागा काढला तेव्हा मीच विद्यार्थी होतो, म्हणून गृहपाठ करून आलोय.

परवा कृष्ण द्वितीया होती. दोनची पाऊणपट दीड, म्हणजे ओहोटी साडेसातला. मोबाइलवरचं कोष्टक सात अठ्ठावन्न म्हणालं, डोलकरांचा अर्धा तास बरोबर निघाला. पावणेसातला धाकटीला घेऊन जुहू कोळीवाड्याच्या बाजूला पोचलो. वडीलही आले, खडपावर नाही, वाळूवर खुर्ची टाकून बसले.

पहिली वीस मिनिटं काहीच दिसलं नाही. दगड, शेवाळ, एक दुधाची पिशवी. धाकटी कंटाळून "घरी चला" म्हणायच्या बेतात होती, तेवढ्यात तिला एक शंख चालताना दिसला. मग तिने मला हलूच दिलं नाही. समुद्रफूल बघितलं, दोन. त्यातल्या एकाने तिचं बोट लागताच मिटून दाखवलं, मग ती दहा मिनिटं ते परत उमलायची वाट बघत बसली, पुन्हा बोट लावायला. मीच तिला उठवलं, बिचाऱ्याला दमवू नको म्हटलं. निवट्या चिखलावरून उड्या मारत होत्या, मासा असून. वाळूच्या कॉलरी तीन मोजल्या. एका बाईंनी त्यातली एक उचलून कचऱ्याच्या पिशवीत टाकायला घेतली, तर आमची बया धावत गेली आणि "ती अंडी आहेत, खाली ठेवा" असं इतक्या जोरात ओरडली की आसपासचे चार जण थबकले. बाईंनी मुकाट्याने ठेवली.

ऑक्टोपस नाही मिळाला. असेलही, आम्हाला दगड वाटला असेल.

साडेआठला वडिलांनी खुर्चीवरूनच हाक मारली, "फिरलं रे पाणी." मला काहीच फरक दिसत नव्हता. त्यांना विचारलं, कसं कळलं? म्हणाले, मघापासून त्या एका दगडावर नजर ठेवून बसलोय, त्याची कड आत्ता ओली झाली. आम्ही निघालो. घरी येऊन पोहे खाल्ले, एकदाच.

चष्मिस, एक शंका. जुने बूट घातले होते, धुऊन दोन दिवस गॅलरीत ठेवलेत, तरी समुद्राचा वास जात नाही. बायको म्हणते बूट नाहीतर मी. काही उपाय?

केळव्याची_सून

बूट बाहेरच ठेवा. पुढची बीज तेरा दिवसांवर आहे, पुन्हा लागतीलच.